कुणाशी बिघडवावे आणि ऊस कुठे घालावा

१९८४ साली ‘एलिट’ या संगणकखेळाने पोरांना अंतराळात व्यापार शिकवला. गुलाम, अमली पदार्थ किंवा हत्यारे यानात भरली की व्यापाऱ्याच्या नावाला डाग लागे आणि पोलिसांची याने पाठीशी लागत. २०१४ च्या ‘एलिट डेंजरस’मध्ये तर प्रत्येक गटाकडे पत निराळी. एखाद्या गटाशी हाडवैर झाले की त्याच्या बंदरात यान उतरूच देत नाहीत.

हा अभ्यासक्रम नेवासा तालुक्यात यानाशिवाय पुरा होतो. ऊस लावला की झाले.

गट आधी ओळखावेत. सोनईला ‘मुळा’, भेंड्याला ‘ज्ञानेश्वर’ हे सहकारी साखर कारखाने. शिवाय आसपासचे खाजगी. नवख्याने चहाच्या टपरीवर कोणाचीच बाजू घेऊ नये, निदान उसाची तोड येईपर्यंत तरी.

कारण कोणत्याही कारखान्याच्या पट्ट्यात खरी परीक्षा तोडीचीच. किमान दर दिल्लीत ठरतो (२०२४-२५ च्या हंगामात १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये), म्हणून रुसलेल्या गटाला भावात फारसा दंड करता येत नाही. दंड होतो तो दिवसांत. कारखान्याच्या चिटबॉयने लागणीची तारीख लिहून नेलेली असते, तरी तोडणीची टोळी ‘उद्या’ येते. तोवर आडसाली उसाला तुरा फुटतो, पोकळी धरते, वजन घटते. याची पावती कुणी फाडत नाही. टोळी आलीच तर तिच्या खुशालीचे पैसे वेगळे, ट्रॅक्टरवाल्याच्या एन्ट्रीचे वेगळे.

‘एलिट’मध्ये दुसऱ्या ग्रहावर उडी मारली की डाग फिका होतो. ऊस उडी मारत नाही. तुटल्यावर दिवसभरात गाळला नाही तर उतारा घसरतो, आणि लांबच्या कारखान्याला घातला तर वाहतूक बिलातून कापली जाते. शिवाय सहकार कायद्याने २०१३ साली ‘क्रियाशील सभासद’ आणला होता: सभेला फिरकला नाही, संस्थेशी व्यवहार ठेवला नाही, तर मताचा हक्क जाई.

एक कलम मात्र खेळात नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. हे व्याज मागायला जाणाऱ्याने पुढच्या हंगामातली तोड डोळ्यांपुढे ठेवून मग तोंड उघडावे.

सगळीकडेच पत गेली असेल त्याने कांदा लावावा. घोडेगावच्या बाजारात लिलाव चारचौघांत होतो, व्यापारी तुमचा गट न विचारता कांद्याचा रंग आणि पत्ती बघतो, आणि २०१६ पासून आडतही शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायची नसते. भाव पाडायला तिथे कुणाशी भांडावेही लागत नाही, निर्यातबंदी पुरते.