विनयला टांगलं त्याची हकिगत

व्हिएन्ना, शनिवार

ती. आईस,


विनय सुखरूप आहे. 'विनयला पाण्यात टांगलंय' हा माझा निरोप नंदूने तुला अर्धाच वाचून दाखवला आणि तू देवळातूनच फोन लावलास, मागे आरती चालू. पुढचं वाक्य 'पाठीच्या उपचारासाठी' असं होतं. नंदूला म्हणावं, पगार पूर्ण घेतोस तसं निरोपही पूर्ण वाचत जा. मशीनमध्ये कपडे टाकलेत, ते होईपर्यंत सविस्तर लिहिते.

चिनूला शरदाची सुट्टी लागली म्हणून आम्ही हेवीझला गेलो होतो. हंगेरीत, बालातोन सरोवराच्या पश्चिम टोकाजवळ. तिथे गरम पाण्याचं अख्खं तळं आहे, अप्पांच्या हिशेबाने अकरा एकर. अडतीस मीटर खाली एक गुहा आहे, तिच्यात गरम आणि गार असे दोन्ही झरे मिसळतात आणि साधारण तीन दिवसांत तळ्यातलं सगळं पाणी बदलतं. उन्हाळ्यात पाणी ३८ अंशांवर जातं, ऐन हिवाळ्यातही सहसा २२च्या खाली येत नाही. अप्पा म्हणतील, आपलं तुरळचं कुंड याहून कढत आणि वर फुकट. दोन्ही खरं. पण तुरळला मानेला पट्टा बांधून, कमरेला वजनं लावून माणसाला पाण्यात उभं लोंबकळत ठेवत नाहीत. हेवीझला ठेवतात. कारोय मोल नावाच्या तिथल्याच एका डॉक्टरने १९५३ साली हा उपचार काढला, मणके हलके ताणले जावेत म्हणून. डॉक्टरांनी आधी नीट तपासलं, मगच विनयला टांगलं. बाहेर आल्यावर म्हणतो, 'उंची वाढली का बघ.' नाही वाढली.

आता टोपीचं ऐक. आमच्या हॉटेलात पोहण्याचा एक निराळा तलाव होता आणि तिथे टोपीशिवाय उतरायचं नाही, पाण्यात केस पडतात म्हणून. विनयच्या डोक्यावरचे शेवटचे केस तू आमच्या लग्नातच पाहिलेस. त्याने काठावरच्या माणसाला वाकून टाळू दाखवली. त्या माणसाने ती गंभीरपणे पाहिली आणि म्हणाला, 'नियम डोक्याला आहे, केसांना नाही.' शेजारून एक गृहस्थ छातीपाठीवर घनदाट जंगल घेऊन पोहत गेले, पण टोपी होती, म्हणजे कायद्याने शुद्ध.

आणि टोपीची किंमत? दोन हजार फोरिंट! रुपयांत पाचशेच्या आसपास. पातळ रबराची, रंग वांगी. पाचशे रुपयांत अप्पांच्या किती गांधीटोप्या झाल्या असत्या सांग. त्या देशात सगळंच हजारांत. कॉफीचं बिल बाराशे आलं तेव्हा चिनूने विचारलं, आपण आता घर विकायचं का? विनय टोपीचे पैसे वसूल करायला हल्ली घरातही ती घालून बसतो. आत्ताही घातलीय, कांदा चिरतोय.

विजूचं लग्न ठरलं हे तू फोनच्या शेवटी सांगतेस? मुलगी देवरुखची, बँकेत, आणि बेबीमावशीला नाक पसंत नाही म्हणे. मावशीला सांग, विजूचंही नाक मी लहानपणापासून बघत आलेय. आणि दामूकाकांनी गडगा पुन्हा सरकवला असेल तर अप्पांनी मोजणी आणावी. स्वतः कुदळ घेऊन जाऊ नये. मागच्या वेळी कंबर कोणाची धरली होती?

हेवीझचं ते तळं इतकं खोल, की पाय टेकत नाहीत. सगळे कमरेला ट्यूब लावून तेलात सोडलेल्या अनारशांसारखे हळूहळू फिरत असतात. ट्यूबला ट्यूब लागली की क्षमा मागायची, मग कुठून आलात, मग गुडघा की पाठ. गुडघा निघाला की अर्धा तास गेला. हंगेरीचे एक निवृत्त मास्तर भेटले, वनस्पतीशास्त्रवाले. तिथे लाल कमळं फुलतात ना, ती आपल्याकडची! लोव्हाश्शी नावाच्या प्राध्यापकाने १८९८ साली लावलेली. पाणी गरम म्हणून त्या थंडीत टिकली. विनय लगेच माझ्याकडे बघून म्हणाला, 'हिचंही तसंच, बंब तापला नाही तर सुकते.'

लाइपझिगच्या एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या. तुझा चिवडा त्यांना बाकावर बसून दिला (चकल्यांचा टपालात भुगा झाला, पण भुगाही संपला). खोबऱ्याचे काप वेचून खात त्या सांगत होत्या. जर्मनीचे दोन तुकडे होते तेव्हा त्या पूर्वेकडे आणि सख्खी बहीण पश्चिमेला म्युनिकमध्ये. बहिणीकडे जायची परवानगी मिळेना. पण हंगेरीला दोघींनाही येता यायचं, म्हणून उन्हाळ्यात दोघी बालातोनला यायच्या, तंबू शेजारी शेजारी ठोकायच्या. तशा कितीतरी घरांच्या भेटी तिथेच होत. मी विचारलं, एवढ्या लांब येऊन काय करायचात? म्हणाल्या, 'भांडायचो. वर्षभराचं साठलेलं असायचं.'

आई, मला तिथे हुंदकाच आला. पाणी डोळ्यांत गेलं म्हणून सांगितलं, पण बसलो होतो बाकावर. माझ्याकडे पासपोर्ट आहे, तिकिटाचे पैसे आहेत, कुणी अडवत नाही, आणि दोन दिवाळ्या मी फोनवर केल्या. तू पाठीला उटणं लावताना नखं लागायची म्हणून मी ओरडायचे. त्या तळ्यात दोनशे म्हातारी माणसं होती, एकाही बाईने मला 'कान चोळ गं' म्हटलं नाही.

मशीन थांबलं. विनयचा कांदा जळतोय, वास येतोय.

तर असं करायचं. अप्पांचा पासपोर्ट संपलाय, तो या महिन्यातच भरायला दे. मे महिन्यात तुम्ही दोघं यायचं आणि आपण हेवीझला जायचं. गुडघ्यांचं निमित्त सांग, म्हणजे ते तयार होतील. फोटो काढायची वेळ आली तर मागे पांढरी भिंत हवी. मागच्या वेळेसारखी कोंबडी चालणार नाही. आणि टोपी विकत घेऊ नका, इथे एक आहे.

तुझी,
शुभा