ग्रुपवर पोपटी लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

वालाच्या शेंगांची पोपटी मडक्यात लागते, हा जुना गैरसमज आहे. ती आधी व्हॉट्सॲपवर लागते. अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात भातकापणी आटोपली की त्याच शेतातल्या ओलीवर वाल पेरतात. वाल धड जमिनीवर डोकं काढत नाही तोच दहावीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो : "यंदा पोपटी नक्की ना?" या 'नक्की'पासून खऱ्या मडक्यापर्यंतची वाट बिकट आहे. सबब होतकरू ग्रुपांसाठी पुढील नियम घालून देत आहे. नियम करणारी गावातच राहते. मडकं, पाला, शेंगा, गोवऱ्या आणि दुसऱ्या दिवशीची झाडलोट हे सगळं तिच्याच गळ्यात पडतं, एवढा अधिकार नियम करायला पुरेसा आहे.

नियम १ : ग्रुपात एक पुणेवाली असावी.
पुण्यातच राहणारी हवी असं नाही, वृत्तीने पुणेवाली हवी. आमची दोन्ही आहे. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये पोलची सोय केली ती बहुधा हिच्याच अर्जावरून. पहिला पोल तारखेचा. दुसरा डोकी किती याचा. तिसरा शाकाहारी-मांसाहारी. चौथा, अंडं कशात धरायचं. एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात म्हणे. आम्ही एकोणीस आहोत तर ही गत. एकोणिसांतले सतरा 'येणार' म्हणतात, एक 'बघतो' म्हणतो आणि एक सगळ्याच पर्यायांवर बोट ठेवून मोकळा होतो. मग पुणेवाली यादी करते. मग ती यादी सुधारून पुन्हा टाकते. मग "सगळ्यांनी वाचली का?" असं विचारते. कोणीही वाचलेली नसते. सतरांचे प्रत्यक्षात सहा होतात, आणि शेंगा मात्र मी सतरांच्या आणून ठेवलेल्या असतात.

नियम २ : तारीख वालाला विचारून ठरवावी.
पुणेवालीची तारीख ३१ डिसेंबर, कारण रजा तेव्हा असते. वालाला रजेचं काही नाही. परतीचा पाऊस रेंगाळला की भात उशिरा निघतं, भात उशिरा निघालं की वाल उशिरा. मध्येच ढगाळ हवा आली की आणखी खोळंबा. डिसेंबरअखेर बाजारात शेंगा दिसतात, नाही असं नाही. पण त्या चपट्या आणि महाग. दाणा भरलेला नसेल तर मडक्यातून नुसती सालं निघतात, आणि "मागच्या वेळी जास्त छान झाली होती" हे वाक्य मला ऐकावं लागतं.

नियम ३ : "मी काय आणू?" असं विचारणाऱ्याने बर्फ आणावा. विषय संपला.

नियम ४ : पाल्याची ओळख परेड ग्रुपवर घेऊ नये.
पोपटीला भांबुर्ड्याचा पाला लागतो. थंडीत तो शेताच्या बांधावर आपोआप उगवतो. त्याला एक उग्र वास असतो आणि तीच त्याची ओळख. वास फोनमधून जात नाही. तरी दरवर्षी कोणीतरी सोसायटीच्या कुंपणालगतच्या झुडपाचा फोटो टाकून "हाच का?" विचारतं. एकदा गाजरगवताचा आला होता. त्याला चौघांनी अंगठा दिला.

नियम ५ : ओव्हनचा उल्लेख टाळावा.
आमची एक मैत्रीण पनवेलला असते. डिसेंबर लागला की ती केक करते आणि एका केकचे इतके फोटो टाकते की प्रत्येकाला एकेक तुकडा मिळाल्याचा भास व्हावा. तिने विचारलं, "अगं, पोपटी ओव्हनला दोनशे डिग्रीवर नाही का होणार?" नाही होणार. शेंगा भाजल्या जातील. त्याला भाजलेल्या शेंगा म्हणावं.

आता विषय निघालाच आहे तर नीट सांगते. मडक्याच्या तळाला पाला दाबून घालायचा. शेंगा धुवून, निथळून, जाडं मीठ आणि ओवा चोळून भरायच्या. मध्ये बटाटे, रताळी, अंडी. कोंबडीला मसाला लावून केळीच्या पानात बांधायची आणि ती पुरचुंडी मधोमध ठेवायची. शाकाहाऱ्यांचं मडकं वेगळं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. शेंगांचा आणि पाल्याचा ओलावा पुरतो. तोंडाशी पुन्हा पाला असा ठासायचा की मडकं उलटं केल्यावर आतलं काही हलता कामा नये. मग ते जमिनीवर पालथं घालून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायचं. अर्धा-पाऊण तास. झालं का हे घड्याळ बघून ठरवत नाहीत. मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा, चर्र करून पाणी तिथेच उडालं की झालं. मडकं लवकर काढा म्हणून मागे लागणाऱ्याला काटक्या आणायला पाठवावं.

नियम ६ : ग्रुपातल्या कोर्लईकराला २५ डिसेंबरला बोलावू नये.
त्याच्या घरी नाताळ असतो, आपणच त्याच्याकडे जावं. नाताळात गाव बघण्यासारखं असतं, आणि म्हातारी माणसं आपसात जुन्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीत आपल्याबद्दल काय म्हणतात ते कळत नाही, हेही बरंच.

नियम ७ : प्रवासाचे हाल ग्रुपवर थेट प्रक्षेपित करू नयेत.
वडखळला गाड्या तुंबतात हे आम्हाला ठाऊक आहे. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडव्याला उतरा. फक्त पोपटी रात्रीची असते आणि रात्री उशिरा बोट नसते. म्हणजे मुक्काम माझ्याकडे. गाद्या सहाच आहेत. याचा पोल नको.

नियम ८ : सूर्योदयाचे फोटो आम्हाला पाठवू नयेत. आमच्याकडे सूर्य रोज येतो.

नियम ९ : ग्रुप सोडू नये.
सोडावासा वाटतो. मीही फोन हातात घेऊन अनेकदा त्या बटणापर्यंत गेले आहे. पण ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. कौलं उडाली, पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली, टॉवर पडले, फोन मुके झाले. श्रीवर्धन, दिवेआगरकडे तर हाल विचारू नका. त्यात टाळेबंदी. रेंज आली तेव्हा तुंबलेले मेसेज धडाधड आले आणि त्यांत पुणेवालीची यादी होती. गाव, घरच्यांशी शेवटचं बोलणं कधी, छप्पर, पाणी, औषधं. ज्यांचं काही कळत नव्हतं त्यांच्यापुढे पेणच्या नाहीतर पनवेलच्या कोणाचं तरी नाव, शोध घेण्यासाठी. यादी सुधारून पुन्हा टाकलेली. "सगळ्यांनी वाचली का?" हेही होतंच. या खेपेला सगळ्यांनी वाचली होती. पेणच्या मित्राने परवाना काढून टेम्पोत ताडपत्र्या, मेणबत्त्या, तांदूळ घातले. माझ्या सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच टेम्पोतून आल्या, कारण औषधांच्या रकान्यात पुणेवालीने त्या लिहिल्या होत्या. मी कधीतरी सहज बोलले असेन, तिने लक्षात ठेवलं.

म्हणून तिचे पोल चालू द्यावेत, असं माझं मत झालं आहे. अंडं कशात धरायचं हे चार दिवस विचारणारी बाई कामाच्या वेळी कोणाच्या घरात कोण आजारी आहे हेही विसरत नाही. बाकीचे अठरा आम्ही 'बघू' म्हणणारे.

नियम १० : तेव्हा मंडळी, पोल आला की मत द्या. येणार असाल तरच 'येणार' लिहा; नसाल तर 'नाही' लिहा, कोणी रागावत नाही. शेंगा जानेवारीत भरतात. रजा त्या हिशेबाने टाका.