चुन्याची निवळी, उत्तरार्ध

न्यू जर्सीला बोलावणं आलं तेव्हा नातवाला सांभाळायचं असेल असं वाटलं होतं. सांभाळायला मिळाली ती पोवळी.

चिरंजीव चार दिवस शिकागोला निघाले. माशांचं खाणंपिणं सूनबाईंकडे आणि माझ्याकडे टाकीखालच्या कपाटातला कॅल्शियम रिअॅक्टर. "बाबा, आकडे फक्त लिहून ठेवा. हात लावू नका." चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे!

प्रकरण तसं साधं. एका नळकांड्यात मेलेल्या पोवळ्यांच्या सांगाड्यांचा चुरा. शेजारच्या सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे त्यात सोडायचे, मिनिटाला पंचवीसेक. पाणी किंचित आम्लधर्मी होतं, पीएच ६.५च्या आसपास, आणि चुरा विरघळू लागतो. ते पाणी थेंबाथेंबाने टाकीत. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या थोडं वर कॅल्शियम असतं. टाकीतली पोवळी ते भराभर उचलून सांगाडे वाढवतात, म्हणून ही भरपाई. वाडवडिलांच्या जिवावर जगणं म्हणतात ते इतकं शब्दशः मी कुठे पाहिलं नव्हतं.

(आपल्याकडे या छंदाचं नाव काढू नये. २००१ पासून पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला. बघायचीच तर मालवणला बुडी मारावी आणि रिकाम्या हाताने वर यावं.)

शाळेत आपण सगळ्यांनीच चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली आहे. निवळी दुधाळ होते, पोरं खूश होतात. पण तशीच फुंकत राहिली तर ती पुन्हा स्वच्छ होते, कारण खाली बसू पाहणारा कार्बोनेट जास्तीच्या वायूमुळे बायकार्बोनेट होऊन विरघळतो. हा उत्तरार्ध मी वर्गात क्वचितच दाखवू शकलो. ऐन वेळी तासाची घंटा व्हायची. इथे कपाटात तो रात्रंदिवस चालू होता!

दुसऱ्या रात्री पीएच ६.७ दिसला. गॅसची सुईसारखी चावी मी केसभर फिरवली. तासभर आकडा ढिम्म. आणखी केसभर. "अहो, झोपा आता," ही म्हणाली. झोपलो.

सकाळी ६.१. नळकांड्याच्या तळाशी चुऱ्याची लापशी, टाकीचा पीएच ८.१ वरून ७.८, आणि काल फुललेली पोवळी मूठ मिटून बसलेली. मी आधी चावी हलक्या हाताने मागे घेतली, मग टाकीची क्षारता तपासायला बसलो. बाटलीतला एकेक थेंब, हलवायचं, बघायचं. निळा रंग पिवळा झाला की थांबायचं. "झाला पिवळा," ही म्हणाली. "हिरवट आहे," मी म्हणालो. तेवढ्यात नातू म्हणाला, "आजोबा, हे निळंच आहे." संध्याकाळपर्यंत आकडा ६.५ वर आला आणि एक पोवळं जरासं उघडलं, रुसवा अर्धाच गेल्यासारखं.

प्रश्न वहीचा होता. त्या सकाळचं पान फाडता आलं असतं. पण प्रयोगवहीत खाडाखोड केली म्हणून मी किती पोरांना पुन्हा लिहायला लावलं होतं! ६.१ तसाच राहिला, वर "चावी दोनदा फिरवली" हेही लिहिलं.

चिरंजीव आले, टाकीसमोर उभे राहिले, वही चाळली. काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीचा आकडा टिपायला वही उघडली, तर पानाखाली लाल पेनने लिहिलं होतं : तपासले. खाली सही.