तात्यांचा रणगाडा

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या सावेडीच्या घरातला पंखा दमल्यासारखा होतो, ट्यूबलाइट दोनदा डोळा मिचकावते आणि मालिकेवरची नजर न हलवता आई म्हणते, "बसले तात्या."

तात्या म्हणजे कोण, हे नगरकराला सांगावं लागत नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तात्या आहेत तिथेच आहेत. केडगावात आहेत, भिंगारला आहेत, बोल्हेगावात तर गल्लीगणिक आहेत. एमआयडीसीतल्या कुठल्यातरी कंपनीत मेंटेनन्सला उभी हयात गेलेली. निरोपाला नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालेलं. नारळाची बर्फी संपते, शाल कपाटात जाते, मग उरतं ते घड्याळाकडे बघत बसणं. पंधरा दिवस माणूस तेही करतो. सोळाव्या दिवशी तो वेल्डिंगचं मशीन घेऊन येतो.

आमच्या तात्यांनी ते बंगल्याच्या डाव्या बाजूच्या सहा फुटी बोळात मांडलं. वर पत्रा टाकला, भिंतीला ट्यूब लावली आणि बोळाला 'शॉप' म्हणायला सुरुवात केली. "शॉपला आहेत," असं काकूही सांगतात, पण त्यांच्या तोंडी तो शब्द दारूच्या दुकानासारखा ऐकू येतो.

माझा या शॉपशी संबंध आला तो दिवाळीनंतर. आमच्या लोखंडी गेटची खालची बिजागरी तुटली. मी तात्यांकडे गेलो. दोन इंचाचं काम.

"हात्तिच्या! चहा उकळेस्तोवर होईल," तात्या म्हणाले. "पण मशीन तुझ्या दारापर्यंत आणायचं म्हणजे त्याला गाडी पाहिजे. तेवढी करून घेतो."

आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये दोन घरं आहेत.

इथे मशीनबद्दल सांगायला हवं. पूर्वीचं वेल्डिंग मशीन म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर. तो हलवायला चार माणसं आणि त्यांना द्यायला शिव्या लागायच्या. त्याला चाकं असणं रास्तच होतं. आता इन्व्हर्टरचं मशीन आलंय. 200 अँपिअरचं असलं तरी भरतं सहा-सात किलो. कंपनी त्याला खांद्यावर अडकवायचा पट्टा देते. माझी भाची शाळेत याहून जड दप्तर नेते. हे मी तात्यांना बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी विशाल गणपतीपुढे उभा राहून मूर्ती जरा लहान करा म्हणालो.

"पट्टा?" ते म्हणाले. "मी काय गजरे विकतोय?"

गाडीसाठी आणलेला अँगल होता 40 बाय 40, पाच मिलिमीटर जाडीचा. सहा मीटरचे दोन नग. हा अँगल मीटरला तीन किलो भरतो, म्हणजे 36 किलो झाले. त्यावर तीन मिलिमीटर पत्र्याचे दोन कप्पे, दोन फूट बाय दीड फूट, साडेसहा किलोचा एकेक. चाकं, हँडल, केबल गुंडाळायचे हुक धरून बेरीज पंचावन्नच्या घरात जाते. सहा किलोच्या मशीनला पंचावन्न किलोची गाडी. ही बेरीज मी एका पाकिटाच्या मागे करून त्यांना दाखवली. ते खूश झाले. "बघ," म्हणाले, "हलणार नाही जागची."

यात तात्यांचा दोष मी मानत नाही. हा गावाचा गुण आहे. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे, फौजेची वाहनं तपासणारी व्हीआरडीई इथे, 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय इथे. इथली पोरं सहलीला जाऊन जगभरच्या रणगाड्यांवर हात फिरवून येतात. अशा गावात चाक असलेल्या वस्तूला पातळ पत्रा लावायचा म्हणजे घराण्याला बट्टा. आणि घराणंही कालपरवाचं नाही. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख-मैदान तोफ ओतली गेली ती नगरलाच, 1549 साली, निजामशाहीत. वजन सुमारे 55 टन. ती इथून हलवताना शेकडो बैल आणि वर हत्ती लावले होते असं सांगतात. आधी वजन करायचं आणि ते न्यायचं कसं हे मागाहून बघायचं, ही पद्धत तेव्हापासूनची.

अपवाद म्हणून याच गावात लुनाही बनायची. तात्यांनी तिचीही आठवण ठेवली. गाडीचं हँडल भंगारातल्या लुनाचं आहे, उजवीकडे अजून अ‍ॅक्सिलरेटरची मूठ आहे, आणि गाडी ढकलताना ते ती नकळत पिळतात.

गाडी बनताना मी तीन संध्याकाळी तिथे उभा होतो, गेटची आठवण करून द्यायच्या मिषाने. खरं सांगायचं तर तात्यांना काम करताना बघणं ही चैन आहे. गुण्या लावायचा, एक डोळा मिटायचा, खडूने रेघ मारायची, ती पुसायची, पुन्हा तिथेच मारायची. चारी कोपरे आधी नुसते टॅक मारून घ्यायचे. मग कर्ण मोजायचे. दोन फूट बाय दीड फूट चौकटीचा कर्ण बरोबर 30 इंच यायला हवा. तीन-चार-पाचचा हिशोब आहे, पायथागोरसही त्यात फसला नाही आणि गवंडीही फसत नाही. दोन्ही कर्ण 30 आले. तात्यांनी मला टेप धरायला लावून ते दोनदा कबूल करून घेतलं. मग काळ्या काचेची शील्ड तोंडावर घेतली, रॉड टेकवला आणि एका कोपऱ्यावर पूर्ण वेल्डिंग ओढून मोकळे झाले. चिपिंग हातोडीने स्लॅग उडवला, ब्रश मारला. खाली वेल्डिंग असं निघालं, की जणू एकावर एक नाणी कलती करून ठेवलीत. पुन्हा टेप. एक कर्ण 30 इंच तीन सूत, दुसरा 29 इंच पाच सूत.

"ओढलं," तात्या म्हणाले.

वितळलेलं लोखंड गार होताना आकसतं आणि कोपऱ्याला आपल्याकडे खेचतं. म्हणून थोडं इथे, थोडं समोरच्या कोपऱ्यात, असं आलटून पालटून मारायचं असतं. हे मला कोणी सांगितलं? तात्यांनीच, दहा मिनिटांपूर्वी. कंपनीत त्यांनी निदान पन्नास पोरांना हे शिकवलं असेल. पण समोर उघडा कोपरा आणि हातात पेटलेला रॉड असला की माणसाला धीर धरवत नाही. तसं पाहिलं तर जिलबी तळणाऱ्यालाही धरवत नाही.

तीन सुताचं प्रायश्चित्त म्हणून गाडीचं एक चाक जमिनीला टेकेना. तीन चाकं टेकायची, चौथं हवेत. मी सुचवलं की तीनच चाकं लावा, तीन पायांचं तिवई-तिकाटणं कधी डुगडुगत नाही. "तीन चाकांची रिक्षा असते," तात्या म्हणाले, "आणि ती उलटते." चौथ्या चाकाखाली त्यांनी एक वॉशर दिला, मग दुसरा दिला, मग चाक उंच झालं म्हणून बाकीच्या तिन्हींना दिले.

त्या तिसऱ्या संध्याकाळी मी उघड्या डोळ्यांनी ज्योत बघत राहिलो होतो. रात्री दोन वाजता डोळ्यांत कोणी वाळूची पाटी उपडी केल्यासारखं झालं. आईने बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या आणि डोळे मिटलेल्या माणसाला जे जे ऐकवता येतं ते सगळं ऐकवलं. गेटचा उल्लेख त्यात चारदा होता.

गाडीला रेड ऑक्साइड लागला, वर पोपटी रंग लागला. आता गेट, मी म्हणालो. पण गाडीवर ग्राइंडरला जागा राहिली नव्हती. ग्राइंडर जमिनीवर ठेवणं शोभत नाही, म्हणून त्याचं स्टँड झालं. ते स्टँड बनवताना पाइप कापायला वाकावं लागलं, कंबर धरली, म्हणून पाइप टेकवायचं स्टँड झालं. मग ड्रिलचं झालं, पान्यांचं झालं. रॉडचं वेगळं झालं, कारण पावसाळ्यात रॉड ओल धरतात आणि पेटताना फुरफुरतात. तात्या ते उन्हात घालतात. मार्चमध्ये त्यांच्या गच्चीवर एका साडीवर कुरडया आणि शेजारच्या साडीवर 6013 नंबरचे रॉड वाळत होते. काकू दोन्हींवरचे कावळे एकाच काठीने हाकत होत्या.

शॉपमध्ये आता नऊ स्टँड आहेत. त्या नऊ स्टँडांवर जी हत्यारं आहेत, त्यांनी आजवर काय बनवलं असं विचाराल, तर नऊ स्टँड. काकूंनी सहा वर्षांपूर्वी कपडे वाळत घालायला एक साधा रॅक मागितला होता. "त्यात काय आहे करण्यासारखं?" असं तात्या म्हणाले होते. काकूंनी तो माळीवाड्यातून विकत आणला. तात्यांनी त्याचा जोड बोटाने चाचपला आणि 'बाजारू काम' असा शेरा मारला. त्यावर कपडे मात्र त्यांचेही वाळतात.

एप्रिलच्या अखेरीस मी आशा सोडली. गेट सुतळीने बांधलेलं होतं, आणि दूधवाल्याला आता ती विशिष्ट गाठ मारता यायला लागली होती. एका रविवारी सकाळी गल्लीतून रणगाडा आल्यासारखा खडखडाट ऐकू आला. मी धावत बाहेर गेलो. पोपटी गाडी येत होती, पण तिच्यावर मशीन नव्हतं. वरच्या कप्प्यावर ज्वारीचा एक कट्टा, खालच्यावर गव्हाचा, आणि लुनाचं हँडल काकूंच्या हातात. मार्केट यार्डातून वर्षाचं धान्य आलं होतं, टेम्पो गल्लीत शिरत नव्हता. शंभर किलो माल त्या गाडीने कुरकुर न करता नेला, चारही चाकं जमिनीला टेकवून. एवढ्या वजनाखाली सूतभर फरकाची काय बिशाद! काकू एकूण सहा खेपा घालणार होत्या. "बारा वर्षांत पहिल्यांदा हमाल नाही बोलावला," त्या मला म्हणाल्या, आणि मूठ पिळली.

मागून तात्या येत होते. खांद्याला पट्टा, पट्ट्याला मशीन, हातात शील्ड, चेहरा वरातीत घोडा न मिळालेल्या नवरदेवाचा.

"गाडी गुंतलीय," ते म्हणाले. "चल, तुझं उरकून टाकतो."

आईने चहा ठेवला. मी आणि दूधवाल्याने गेट उचलून धरलं, दोघांनी माना फिरवल्या. चर्र झालं, टकटक झालं, ब्रश फिरला. गेट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. चहाला अजून उकळी यायची होती.

तात्यांचं लक्ष गेटकडे नव्हतं. ते आमच्या दोघांच्या हातांकडे बघत होते.

"धरायला दोन माणसं लागली," ते म्हणाले. "याला स्टँड असतं तर एकट्याने झालं असतं."

त्यांनी कानावरचा खडू काढला आणि मला टेपचं टोक धरायला दिलं.