हातपाय धड, तरी पेन्शन!

अहो, ऐकलंत का? या ना, अशा कुंपणाशी या. आपल्या फौजीभाऊंची ती पेन्शन मंजूर झाली! साधी नाही हो, साधी तर रिटायर झाल्यापासून मिळतेच. ही दुसरी, डिसॅबिलिटीची. काल दुपारी वहिनींच्या मोबाइलवर मेसेज आला अन्… मला कुणी सांगितलं ते मात्र विचारू नका.

भाऊ या पेन्शनसाठी भांडत होते, तेव्हा गावात पहिलं तोंड कुणी उघडलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. किराणावाल्या काकींनी! हळदीच्या पुड्या मोजता मोजता, चारचौघींत म्हणाल्या, "हातपाय धड, मग कसले अपंग जी?" तिथंच अंगणवाडीच्या मॅडम उभ्या. त्यांनी भर घातली, "मी तर त्यांना माघ पुनवेला कचारगड चढताना पाहिलं." झालं! आठवड्याभरात दरेकशाच्या स्टेशनापर्यंत बातमी गेली, की फौजीभाऊ गुहेपर्यंत धावत गेले. अहो, धावत! मी होते ना तिथं. जत्रेची एवढी गर्दी, सगळीकडे 'जय सेवा, जय सेवा', अन् हे वाटेत एका दगडावर बसलेले. चेहरा लालबुंद, घामानं सदरा चिकटलेला, वहिनी पिशवीत गोळी शोधताहेत. चढले, खरंय. पण कसे चढले ते कुणी सांगितलं का?

लोकांचं काय आहे, जखमी फौजी म्हणजे त्यांना तो सिनेमातला पाहिजे. आपल्या सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर, 1965 च्या लढाईत गोळ्या खाल्ल्या अन् 1972 ला जर्मनीत पोहण्यात गोल्ड मेडल आणलं. गोळी दिसते हो. भाऊंचा बीपी कुणाला दिसतो? आता बीपी तर माझ्या सासूबाईंनाही आहे म्हणा, त्यांना कोण पेन्शन देतंय…

हं, तर काय सांगत होते! घरी यायच्या आधी फौजीभाऊंचं रिलीज मेडिकल बोर्ड बसलं. बोर्डानं लिहिलं, बीपी, 30 टक्के, आयुष्यभरासाठी. इथवर ठीक. 20 टक्क्यांच्या खाली असतं तर विषयच संपला होता. पण खालच्या रकान्यात काय? आजार नोकरीमुळे झालेला नाही अन् नोकरीनं वाढलेलाही नाही! कारण काय, तर तो पहिल्यांदा सापडला तेव्हा भाऊ पीस स्टेशनवर होते. आणि त्याच्या आधी दोन पोस्टिंग बर्फात काढल्या, त्या कुठं गेल्या? वहिनी सांगतात, ते पत्र वाचून भाऊंनी घडी केली, खिशात ठेवली अन् जेवायलाच उठले नाहीत. मग कागद पेटीत गेला तो गेलाच. त्यांना वाटलं, बोर्डानं म्हटलं म्हणजे देवानंच म्हटलं.

तो कागद बाहेर काढला कुणी, माहितीय? कामठीच्या त्यांच्या जुन्या सुभेदारसाहेबांनी. लग्नाला आले होते, जेवता जेवता विषय निघाला. ते म्हणाले, "अरे, भरती झालास तेव्हा डॉक्टरनं तुला बीपी लिहिला होता का?" नाही. "मग?" बस, एवढंच. सुप्रीम कोर्टानंच 2013 साली सांगून ठेवलंय म्हणे. सिग्नल कोअरमधला एक धरमवीर सिंग होता, 1985 ला भरती झालेला. 1994 मध्ये फिट येतात म्हणून घरी पाठवला अन् हातावर काहीच नाही. कोर्ट म्हणालं, घेताना तब्येतीची काही नोंद केली नाही, म्हणजे माणूस ठणठणीत घेतला. पुढं आजार झाला, तर तो नोकरीत झाला असंच धरायचं. नाही म्हणायचं असेल तर कारणं लष्करानं दाखवायची, जवानानं नाही. हे ऐकून वहिनींच्या हातातली वाढायची पळी म्हणे तशीच राहिली.

मग काय, पहिलं अपील, नामंजूर. दुसरं अपील, नामंजूर. शेवटी विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई, सैन्यदलाच्या ट्रिब्युनलमध्ये. माहेरून मिळालेली पाटली मोडली त्यात, हे वहिनींनी मला शपथ घालून सांगितलंय, तेव्हा तुम्हीही… हो ना.

आणि गंमत ऐका. 30 टक्क्यांचे मिळतात 50! 2014 च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं राम अवतारच्या केसमध्ये ठरवलंय, मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यालाही टक्के वर ओढून धरायचे. 50 च्या आतले 50, त्यापुढचे 75 पर्यंतचे 75, त्याहून जास्त ते पूर्ण 100. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या तीस टक्के. म्हणजे पगार समजा 40 हजार, तर 30 टक्क्यांवर महिन्याला 3,600 बसले असते, आता 6,000. वर महागाई भत्ता. हा हिशेब मी वहिनींच्या पोराकडून वहीवर करून घेतला. थकबाकी मात्र अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची हाती आली. इतकी वर्षं कागद पेटीत, त्याचे पैसे कोण देणार?

बरं, मेन गोष्ट तर राहिलीच! आज सकाळी किराणावाल्या काकी स्वतः फौजीवहिनींच्या दारात. हातात अर्धा किलो साखर, म्हणे अभिनंदन! मी तुळशीला पाणी घालत होते, कान मात्र तिकडंच. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, अन् हळूच म्हणतात, "आमच्या भावाचाही गुडघा गेलाय जी, सीआरपीएफमध्ये होता. त्याचा अर्ज भाऊ लिहून देतील का?" फौजीभाऊ आतून आले, शांतपणे म्हणाले, "काकी, सीआरपीएफ गृह खात्याची. तिचे पेन्शनचे नियम वेगळे, आमच्या ट्रिब्युनलमध्ये ती केस चालत नाही, हायकोर्टात जावं लागेल." काकींचा चेहरा असा उतरला म्हणता! पुडी बांधता बांधता दोरा तुटावा तसा. पण वहिनी बघा, म्हणाल्या, "मेडिकलचे कागद तरी घेऊन या, आधी बघू तर काय लिहिलंय." आता उद्या दहा वाजता काकी कागद घेऊन येणार आहेत. तुम्ही दहाला घरीच आहात ना?