चालतंय, फक्त छापत नाही

मास्तरांना कधीही विचारा, "काय मास्तर, कॉम्प्युटर काय म्हणतोय?" उत्तर ठरलेलं. "चालतोय की! फक्त..." आणि या 'फक्त'च्या पुढे काय येईल याचा नेम नाही. फक्त छापत नाही. फक्त नावं दिसत नाहीत. मागच्या पावसाळ्यात एकदा तर "चालतोय की, फक्त चालू होत नाही" असंही ऐकून घेतलंय मी, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नव्हती.

मास्तर झेडपीच्या शाळेतून रिटायर झाले आणि केडगावकडच्या एका ख्रिस्ती मंडळीचे सेक्रेटरी झाले. मंडळीचं नाव सांगत नाही, पाळकसाहेब भले माणूस आहेत. घर मात्र आमच्या राहूत. मुळा-मुठा आणि भीमा यांच्यामधल्या या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. इथं ऊस, गुऱ्हाळं आणि उसात लपलेले बिबटे यांना तोटा नाही, तोटा लाइटीचा. थ्री फेज रात्री आली की शेतकरी मोटार चालू करायला निघतो आणि मास्तर कॉम्प्युटर. एका हातात बॅटरी, एका हातात काठी घेऊन ओसरीतून पलीकडच्या खोलीत जातात. माई आतून ओरडतात, "अहो, बिबट्या आला तर?" मास्तर म्हणतात, "आला तर येऊ दे. वर्गणीची नोंद राहिलीय."

असा एक माणूस प्रत्येक संस्थेत असतो. विकास सोसायटीत असतो, डेअरीत असतो, पतसंस्थेत तर दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. या माणसाला कॉम्प्युटरचं वावडं आहे असं समजू नका. वावडं असतं तर सगळे सुटले असते. त्याचा जीव एका प्रोग्रॅमवर असतो, आणि तो प्रोग्रॅम ज्या मशीनवर चालायचा ते मशीन आता जगात नसतं.

मास्तरांचा प्रोग्रॅम अमेरिकेचा. विंडोज अठ्ठ्याण्णवच्या काळात कुणी पाहुणा मंडळीला भेटायला आला आणि जाताना सीडी देऊन गेला. चर्चच्या ऑफिसचं सगळं काम त्यात: कुटुंबं, बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, अर्पण. फक्त (पाहा, मलाही सवय लागली) तो बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दौंड तालुका नव्हता. पत्ता भरताना राज्य निवडावं लागतं आणि यादीत महाराष्ट्र नाही. मास्तरांनी बराच विचार करून मेरीलँड निवडलं. म्हणाले, "मरियेचं नाव आहे, आपलंच समजायचं." तेव्हापासून केडगाव, पारगाव, यवतची सगळी मंडळी कागदोपत्री मेरीलँडची रहिवासी आहे. पिनकोडला घरं पाचच, म्हणून सहावा आकडा पोस्टमनच्या भरवशावर सोडलेला.

तारखेचा घोळ त्याहून मोठा. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. पंचवीस डिसेंबर तसाच लिहिला की प्रोग्रॅम अडून बसायचा, म्हणून ते लगेच लक्षात आलं. पण बारा तारखेच्या आतलं काहीही तो निमूट गिळायचा. खजिनदारांच्या आईचा जन्म तीन नोव्हेंबरचा, तो झाला अकरा मार्च. उपासनेत वाढदिवसाची प्रार्थना यादी बघून होते, घरचे मात्र खरी तारीख धरून चालतात. म्हातारीसाठी वर्षातून दोनदा प्रार्थना होते. तिची काही तक्रार नाही.

आणि हंगामाचा सण! त्या दिवशी लोक शेतातलं, घरातलं जे असेल ते देवाला आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आमच्या भागात गुळाची ढेप हटकून असते. अर्पण कसं आलं ते सांगायला प्रोग्रॅममध्ये तीनच खाने: रोख, चेक, क्रेडिट कार्ड. ढेप मास्तरांनी चेकमध्ये घातली, कारण तिच्यावर गुऱ्हाळाचा शिक्का असतो. कोंबडी रोख नव्हे आणि चेक तर नव्हेच. मग उरलं काय? ऑडिटला आलेल्या माणसानं विचारलं, "मास्तर, मंडळीतल्या इतक्या लोकांकडे क्रेडिट कार्ड आहे?" मास्तर म्हणाले, "नाही, कोंबड्या आहेत."

एक्सपीपर्यंत हा संसार सुखाचा होता. मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०१४मध्ये एक्सपीची पाठराखण सोडली, मास्तरांनी सोडली नाही. मग एका वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि मशीन गेलं. नवीन घेतलं तर त्यानं सीडी पाहून सरळ सांगितलं, हा प्रोग्रॅम इथं चालणार नाही. जुना प्रोग्रॅम सोळा बिटचा आणि नवं विंडोज चौसष्टचं. मास्तरांचा हिशोब साधा: "चौसष्टात सोळा चार वेळा बसतं! मग याचं काय दुखतंय?" गणित शिकवण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला काय समजावणार?

सुटका केली हिंजवडीत नोकरीला असलेल्या पुतण्यानं. त्यानं जुना लॅपटॉप आणला, त्यात लिनक्स घातलं आणि फोनवरून मोठ्यानं सांगितलं, "काका, यात वाइन टाकलीय, आता चालेल." विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा तो फुकटचा जुगाड, १९९३पासून लोक त्यावर राबताहेत. पण फोन स्पीकरवर होता आणि माई चहा घेऊन दारात. प्रभुभोजनालासुद्धा द्राक्षाचा रस वापरणाऱ्या त्या घरात पुढचे दोन दिवस मास्तरांना चहा कोरा मिळाला.

गंमत म्हणजे नव्या विंडोजला जे जमलं नाही ते त्या लॅपटॉपनं केलं, प्रोग्रॅम उघडला. फक्त नावं दिसेनात. मास्तरांनी मराठी नावं त्या काळच्या एका फॉन्टमध्ये भरलेली. युनिकोड घरोघरी पोचण्याआधीचे ते फॉन्ट. आत परदेशी चिन्हं, वरून मराठीचा मुखवटा. फॉन्ट गेला की मुखवटा गळतो. एका रात्री लाइट गेली म्हणून मास्तर लॅपटॉप घेऊन माझ्या गुऱ्हाळावर आले, इन्व्हर्टरला लावायला. काहिलीत रस उकळत होता, वर मळी येत होती, आणि मास्तर मला पडद्यावरचं दाखवत होते: टिंबं, टोप्या, उलटी प्रश्नचिन्हं.

"हे बघ, उलटं प्रश्नचिन्ह आणि पुढं तीन ठिपके. हे आपले खजिनदार."

"आणि हे?"

"टोपीवाला ए, मग डॉलर. संडे स्कूलच्या बाई." बोट खाली सरकलं, जरा थांबलं. "हा गेला. दोन हजार नऊला. गेलेल्यांच्या पुढं मी चौकट करतो."

वाचता येत नाही अशा भाषेत या माणसाला अख्खी मंडळी तोंडपाठ होती. मी म्हटलं, "मास्तर, पुण्यात फॉन्ट बदलून देणारे आहेत. एका दिवसात सगळं युनिकोड होईल."

मास्तरांचा ठेवणीतला बाण बाहेर आला. "पंडिता रमाबाईंनी त्या काळात केडगावात छापखाना घातला. दुष्काळातून आणलेल्या मुलींनी खिळे जुळवले. १९२२ साली बाई गेल्या त्या सबंध बायबलचं भाषांतर हातावेगळं करून. आणि तुम्हाला एक फॉन्ट बसवायला पुण्याला जायचंय?" यात फॉन्ट पुण्याला न नेण्याचं कारण कुठं आहे ते मला अजून कळलेलं नाही. पण रमाबाईंचं नाव निघालं की केडगाव परिसरात वाद संपतो.

मिरजेला नर्सिंगला निघालेल्या एका मुलीला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, लगेच. मास्तरांनी प्रिंटर जोडला. तोही जुनाच, कडेला भोकं असलेल्या कागदाचा, चालू केला की शेजारचं कुत्रं भुंकतं. कर्र कर्र करत दाखला बाहेर आला. महिरप सुरेख, सहीची रेघ जागेवर, नावाच्या जागी उलटं प्रश्नचिन्ह. मुलीचे वडील तीन हेलपाटे मारून गेले. चौथ्या खेपेला मास्तरांनी कपाटातून जाड नोंदवही काढली, शाईचं पेन झटकलं आणि त्या झेडपीच्या वळणदार अक्षरात पाच मिनिटांत दाखला लिहून दिला.

"मग पहिल्याच दिवशी हे का नाही केलं?" मी विचारलं.

"हाताचं काय, कधीही होतं," मास्तर म्हणाले आणि कॉम्प्युटरवर नोंद करायला बसले: दाखला छापून दिला.

वही कधीच बंद झालेली नाही. लग्नाची नोंद तर १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानं ठरवलेल्या रजिस्टरात करावीच लागते. पण मास्तर बाकीचंही सगळं आधी वहीत लिहितात, मग प्रोग्रॅममध्ये, मग दोन्ही ताडून बघतात आणि फरक निघाला की प्रोग्रॅमची बाजू घेतात. "वहीत माझी चूक झाली असेल," म्हणतात.

यंदा हंगामाच्या सणाला पुतण्या आला तो ठरवूनच. उपासना संपली, बाहेर लिलाव पुकारला जात होता, आणि हा काकांना आत बसवून साधा तक्ता दाखवत होता. सगळं मराठीत, तारीख आपल्या पद्धतीची, राज्य महाराष्ट्र. मास्तर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोंबडी?"

पुतण्यानं अर्पणाच्या रकान्यात टाइप केलं: कोंबडी. स्वच्छ, ठळक अक्षरात. आम्ही सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

त्यांनी चष्मा वर केला, पडद्याजवळ गेले, मागं सरकले. "चांगलंय," म्हणाले. "फक्त गावठी का बॉयलर, ते कुठं लिहायचं?"