राइट्सवाले भाऊ

आमच्या हापिसात साहेब दोन. एक केबिनमध्ये बसतात आणि पगारवाढ अडवतात. दुसरे जिन्याखालच्या गारठलेल्या खोलीत, ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसतात आणि उरलेलं सगळं अडवतात. या दुसऱ्यांच्या हुद्द्यात 'साहेब' हा शब्द कुठेच नाही. पण पडद्यावर चौकट उगवून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागायला लागली, की पहिले साहेबसुद्धा म्हणतात, "भाऊंना बोलवा रे."

भाऊ असे येत नसतात.

"मेल टाका."

"अहो भाऊ, मेलच उघडत नाहीये."

"मग शेजारच्या सिस्टिमवरून टाका."

मेल गेली की पाऊण तासाने चहाचा कागदी कप घेऊन भाऊ अवतरतात. आपण खुर्ची सोडायची. पासवर्ड टाकायच्या आधी भाऊ नुसतं मान वळवून बघतात. मग आम्ही सगळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करतो, नैवेद्य दाखवताना पडदा ओढतात तसं. फक्त आवाज येतो. अकाउंट्सच्या बाईंनी कान देऊन बारा अक्षरं मोजली आहेत. भाऊंच्या कानावर हे गेलं, तेव्हापासून ते मधेच दोनतीन अक्षरं चुकवून खोडतात.

पेन ड्राइव्हचं प्रकरण याच बाईंनी अंगावर घेतलं. "माउस चालतो आणि पेन ड्राइव्ह नाही? दोघं एकाच भोकात जातात की!" भाऊ शांतपणे म्हणाले, "माउस इथून काही घेऊन जात नाही, बाई." नंतर कळलं, की रजिस्ट्रीत यूएसबीस्टोर नावाची एक जागा आहे. तिथे तीनाचा चार केला की झालं. नुसता एक आकडा, आणि अख्ख्या मजल्याची दिवाळीची फोटोंची देवाणघेवाण बंद.

यावर वाद घालायला गेलात, तर कीर्तन ऐकायची तयारी ठेवा. पूर्वरंगात १९७५ सालचे सॉल्टझर आणि श्रोडर येतात: ज्याला कामाला जेवढा अधिकार लागतो तेवढाच द्यावा, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय. मग एक्सपीचा अंदाधुंदीचा काळ, बसेल तो राजा. मग २००७ सालचं व्हिस्टा, जे पावलोपावली 'खरंच करू का?' विचारायचं आणि लोक न वाचता हो म्हणायचे. उत्तररंगात स्टक्सनेट. २०१० साली उघडकीला आलेला हा किडा पेन ड्राइव्हवरून पसरायचा आणि त्याने इराणमधल्या नतान्झच्या सेंट्रिफ्यूज बिघडवल्या. "इराणचं हे झालं," भाऊ कप खाली ठेवतात, "तर आपल्या जावक विभागाचं काय होईल?"

खरं सांगायचं तर माणसाचं चुकत नाही. तेच जास्त खुपतं.

हापिसात फुल राइट्स भाऊंखेरीज एकाच माणसाला होते, मोठ्या साहेबांना. कामासाठी नव्हे, इभ्रतीसाठी. मग एका शनिवारी साहेबांचा भाचा केबिनमध्ये तासभर बसून गेला आणि सोमवारी साहेबांच्या पडद्यावर उघडेल त्या खिडकीत रमीच्या जाहिराती नाचायला लागल्या. भाऊ मेलबिल न मागता धावले. मशीन दोन दिवस खालच्या खोलीत होतं. परत आलं तेव्हा साहेबांचे राइट्स काढलेले होते, पण ते त्यांना सांगणार कोण? भाऊंनी सांगितलंच नाही. त्यांनी खात्याचं फक्त नाव बदललं. हल्ली साहेबांनी मशीन सुरू केलं की त्यांच्या फोटोखाली ठसठशीत अक्षरं येतात: 'अ‍ॅडमिन'. अधिकार माझ्याएवढेच. साहेब खूश. येईल त्याला पडदा वळवून दाखवतात.

परवा उपव्यवस्थापक जिन्याखाली गेले. "भाऊ, साहेबांसारखं मलाही अ‍ॅडमिन करून टाका ना."

भाऊंनी स्वेटरच्या बाह्या सारख्या केल्या. "त्याला साहेबांची मंजुरी लागेल. मेल टाका."